दुसरं टोक

रबाळ्यात रात्री अडीच वाजता
टाकीच्या काचेला कान लावला
तर आत नुसती खळखळ.
दोनशे लिटर यीस्ट, दाट ताकासारखं,
मिथेनॉलच्या थेंबाथेंबावर जगणारं.
पंप टिकटिकतो.
मी वहीत लिहिते: तापमान तीस, फेस जास्त,
उत्पादन,
आणि तिथे पेन थांबतं.

हवंय एक साधं एन्झाइम,
कोंबड्यांच्या खाद्यात मिसळायचं.
आई विचारते, कोंबड्यांसाठी रात्रभर जागतेस?
मी म्हणते, हो, पण पगार माणसाचा देतात.

आधी एक जनुक घातलं. थोडं आलं.
मग चार घातली. बरं आलं.
मग शेवडे सर म्हणाले, बारा घाला,
आणि बारा घातल्यावर
हाती आलं ते एकाहूनही कमी.
मीटिंगमध्ये सगळे आलेखाकडे असे बघत होते
जसे नापास मुलाकडे शेजारी बघतात.

पेशीला वाचता येत होतं सगळं,
बाराच्या बारा प्रती, काना-मात्रा न चुकता.
धागे विणूनही होत होते, लांबच लांब.
अडत होतं घडीपाशी.
घडी न बसलेलं प्रथिन
पेशी उंबऱ्याबाहेर सोडत नाही.
ते आतच साचतं, चुरगळतं,
आणि शेवटी तीच त्याचे तुकडे करते
दमून.

ऑपरेटर मढवी घणसोली गावचे.
चहा घेताना खाडीकडे बोट करतात:
तिथं आजाचं मिठागर होतं.
"घाईनं पडलेलं मीठ बारीक," म्हणाले,
"मोठा दाना पायजे त वाट बघाची.
अवरी घाई कनाला?"
मी हसले. कप ठेवला.
मग बराच वेळ फक्त मीटरकडे बघत राहिले.

तापमान तीसवरून चोवीसवर.
मिथेनॉल निम्मं.
बारावाली परत फ्रीजरात, चारवाली बाहेर,
आणि तिच्यात आणखी एक जनुक,
ज्याचं विकण्यासारखं काहीच बनत नाही.
त्याचं काम एवढंच,
नव्या धाग्याचं टोक धरून उभं राहायचं
घडी बसेपर्यंत.

पुस्तकात त्याला भारदस्त नाव आहे.
माझी ओळख कोपरखैरण्यापासूनची.
आईचं साडी-पॉलिशचं काम,
माथाडीच्या दीड खोलीत
साडेपाच मीटर ताणायला जागा कुठली,
म्हणून ती मोरीपाशी, मी बाहेर जिन्यात.
ताण. झटक. पुढे ये.
काठाला काठ लागू दे गं.
पुढे ये, दे, जा परत मागे.
माझी शाळेची वेळ व्हायची
आणि तिची एक साडी नेहमी उरायची.

पाचव्या दिवशी नळीत पिवळा रंग चढला
इतका गडद, की मी पुन्हा मोजलं.
मग शेवडे सरांनी मोजलं, चष्मा पुसून.
चारवालीच्या अडीच पट.
मढवींना सांगितलं, तर
"बरा झाला," म्हणाले
आणि फिल्टर धुवायला गेले.

सव्वासातला घरी आले.
आई एकटी, कुणाचीतरी जांभळी इरकल घेऊन.
एक टोक खिडकीच्या गजाला बांधलेलं,
एक हनुवटीखाली,
मधला झोळ फरशीला टेकू नये
म्हणून गुडघा वर उचललेला.
किती वर्षं अशी करते आहे
ते मी विचारलं नाही.

पिशवी ठेवली. हात दोनदा धुतले,
यीस्टचा वास नखांत राहतो.
ती हनुवटी न हलवता म्हणाली, झोप आधी.
मी गजाची गाठ सोडवली.